सही केली ती मोठ्या मनाची?

आमच्या आतेच्या नणंदेने पेडण्याच्या घरातला आपला वाटा भावांना लिहून दिला, तेव्हा सगळे म्हणाले, काय मोठ्या मनाची बाई! आतेने फोंड्याकडच्या कुळागरातला, म्हणजे सुपारीच्या बागेतला, स्वतःचा वाटा सोडला नाही, तेव्हा तीच माणसे तिला हट्टी म्हणाली. मी दोघींना जवळून पाहते. माझ्या मते माफ केले ते आतेने. नणंदेने फक्त माघार घेतली.

गोव्यात ही माघार जास्तच डोळ्यांवर येते, कारण इथे कायदा बहिणीच्या बाजूने आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून इथे लागू झाला. वारशापुरता त्याच्या जागी २०१२ चा गोव्याचा कायदा आला, पण मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा तो सारखाच. आईबापांनी मृत्युपत्र केले तरी निम्म्याहून जास्त मालमत्ता त्यांना मर्जीने कुणाला देता येत नाही. तरी बहिणी हक्कसोडीवर सह्या करतात.

का करतात? नणंदेनेच सांगितले, "म्हाका झगडें नाका गो. चवथीक कोण आपयतलो मगीर?" (भांडण नको मला, मग गणेशचतुर्थीला बोलावणार कोण?) चवथीला मूळ घरी जायचे, माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, सगळ्यांबरोबर आरतीला उभे राहायचे, तेवढ्यावर ती सही झाली. त्यात भावाला माफ करणे कुठेच नव्हते, दार बंद होईल ही धास्ती होती. सही होऊनही हिशेब मिटला नाही. वहिनीने कसली साडी दिली, किती नारळ धाडले, सगळे तिला तोंडपाठ आहे. तिचा दिवस कुणाचे मन दुखावणार नाही ना, हे बघण्यातच जातो. आपल्याला स्वतःला काय करायचे होते, हे आता तिलाही आठवत नाही.

आतेचे उलट. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा उस्तवार हिने केली, आणि वाटणीच्या वेळी भाऊ म्हणाला, "तू परकी." ते तिने चारचौघांत त्याच्या तोंडावर काढले. मग वर्षानुवर्षे अबोला. खरे सांगायचे तर त्या काळात आते काही संत नव्हती. राग हाही एक उद्योगच असतो. सकाळी उठायला कारण देतो. वाटा हातात आल्यावर तो उद्योग संपला आणि ती काही दिवस नुसती बसून होती.

माफीचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट एक गोष्ट स्पष्ट वेगळी काढतात: माफ करणे म्हणजे झालेले बरोबर होते म्हणणे नव्हे, आणि लगेच गळ्यात गळे घालणेही नव्हे. अन्याय झाला हे आधी म्हणावे लागते. एव्हरेट वर्दिंग्टन त्यात भर घालतात, की सूड घेणार नाही हा निर्णय एक आणि मनातला कडवटपणा जाणे दुसरे. दोन्ही एकाच दिवशी होतीलच असे नाही. (आपल्याकडे सगळे एका सत्यनारायणात आटोपायचे असते.)

आतेचा कडवटपणा कधी गेला हे तिलाही सांगता येत नाही. भाऊ इस्पितळात पडला तेव्हा ती रात्री त्याच्याजवळ बसली. मी विचारले, कशाला? म्हणाली, "भाऊ आहे. आणि माझे घेणे आता काही राहिले नाही." सध्या ती पोफळीच्या सावलीत मिरवेल लावते आणि गावातल्या दोन मुलींना कलमे करायला शिकवते. साठीनंतर कामाला लागलेली बाई.

गेल्या महिन्यात नणंदबाई भेटल्या. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तुझी आते अजून जाते का गो चवथीला, भावाकडे?"

जाते. माटोळीला सुपारीचा घोस तिच्याच वाट्यातला असतो.