'भात बंद करा' हा सल्ला आला कुठून?

मधुमेह निघाला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं: आता भात बंद. पण चरकसंहितेने प्रमेहाच्या (मधुमेह यातलाच) रुग्णाला धान्य तोडायला सांगितलं नव्हतं, जवाचं अन्न खायला सांगितलं होतं. 'बंद'ची गोष्ट युरोपातली.

१७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन या इंग्लिश डॉक्टरने मधुमेह्याची लघवी आटवली. तळाशी उरलेलं चाखून पाहिलं तर साखरेची चव! मग १८७० साली प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला. शहरात अन्नाची मारामार; आणि अपोलिनेर बुशार्दा या डॉक्टरला दिसलं, की पोटं खपाटीला गेलेल्या आपल्या मधुमेही रुग्णांच्या लघवीतून साखर गायब झाली आहे. पिष्टमय अन्न कमी करा, हे पथ्य त्यातून पक्कं झालं. पुढे अमेरिकेत फ्रेडरिक ॲलनने ते उपासमारीपर्यंत ताणलं. मुलं हाडांचा सापळा व्हायची, पण काही काळ जगायची. दुसरा इलाजच नव्हता, हे विसरून चालणार नाही. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत इन्सुलिन सापडलं आणि ताटात हळूहळू धान्य परतलं.

त्याच टोरांटोत १९८१ मध्ये डेव्हिड जेनकिन्स यांनी वेगळा प्रश्न विचारला: तेवढीच कर्बोदकं निरनिराळ्या पदार्थांतून दिली, तर रक्तातली साखर सारखीच चढते का? नाही चढत. कडधान्यांनी ती सगळ्यांत सावकाश चढते. कोणता पदार्थ रक्तातली साखर किती चढवतो, हे मोजणारा ग्लायसेमिक इंडेक्स तिथला.

आपल्याकडचा पेच आणखी खोल आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमध्ये ३.५. आपली बाळं हाडामांसाने किरकोळ, चरबी मात्र त्या मानाने राखून. अशा अंगाला पांढऱ्या भाताचा डोंगर जड जातो.

२०२५ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीतून कळलं, की आपली सरासरी ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणि मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: भाताऐवजी नुसती गव्हाची वा भरडधान्याची पिठं आणून मधुमेहाचा धोका घटलेला दिसला नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून तिथे डाळी किंवा दूधदुभत्याची प्रथिनं आली, तर धोका कमी दिसला. म्हणजे भात सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याचं गणित चुकतंय. एक भाकरी, मूठभर भात आणि वाटी भरून मटकीची उसळ, असं ताट हवं.