रक्तातील कर्कपेशी आणि स्तनाच्या कर्करोगाचे उपचार

स्तनातील मूळ गाठीतून, किंवा रोग हाडे, यकृत, फुप्फुसे यांत पसरला असल्यास तेथून, सुटून काही कर्कपेशी रक्तात येतात. डॉक्टर त्यांना ‘सीटीसी’ (सर्क्युलेटिंग ट्यूमर सेल्स) म्हणतात. ऑस्ट्रेलियातील वैद्य टॉमस ॲशवर्थ यांनी १८६९ मध्ये कर्करोगाने दगावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात अशा पेशी पाहिल्याची नोंद केली.

त्या शोधणे फार अवघड. एका मिलिलिटर रक्तात ४ ते ५ अब्ज तांबड्या पेशी, ४० लाखांहून अधिक पांढऱ्या पेशी आणि कर्कपेशी असलीच तर एखाद-दुसरी. ‘सेलसर्च’ या पद्धतीत (अमेरिकेत मान्यता २००४) ७.५ मिलिलिटर रक्तात प्रतिपिंडे लावलेले लोहकण मिसळतात. ते पेशीवरील ‘एपकॅम’ प्रथिनाला चिकटतात आणि चुंबकाने पेशी ओढून घेता येते. काही कर्कपेशी हे प्रथिन टाकून देतात, त्या निसटतात. म्हणून अहवालातील शून्याचा अर्थ ‘रोग नाही’ असा होत नाही.

पसरलेल्या रोगात एवढ्या रक्तात ५ किंवा अधिक कर्कपेशी सापडल्या, तर तो लवकर बळावण्याची शक्यता जास्त. मग लगेच औषध बदलावे का? अमेरिकेतील ‘एस०५००’ चाचणीत केमोथेरपीच्या पहिल्या फेरीनंतरही आकडा न उतरलेल्या काही स्त्रियांची केमो तत्काळ बदलली. त्यांचे आयुष्य वाढले नाही, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. निष्कर्ष निराश करणारा खरा, पण फार मोलाचा: रोग पहिल्या केमोला दाद देत नव्हता तेथे दुसऱ्या केमोलाही बहुधा देत नव्हता. फ्रान्समधील चाचणीत हार्मोन-उपचार की केमो, ही निवड आकड्यावर सोपवली. रोग आटोक्यात राहण्याचा काळ डॉक्टरांच्या निवडीपेक्षा कमी भरला नाही. त्यानंतर पहिल्या टप्प्याची औषधेच बदलली, त्यामुळे तो निकाल आज जसाच्या तसा लावता येत नाही. नेहमीच्या उपचारांत केवळ या आकड्यावर औषध ठरवत नाहीत.

इंदूरच्या मराठी घरांत डॉक्टरांचे बोलणे हिंदीतून कानी येते. ‘गठान’ म्हणजे गाठ हे सगळ्यांना कळते. ‘खून की जाँच’ (रक्ताची तपासणी) ऐकून मात्र सुईची बायोप्सी टळली असे वाटू शकते. ती टळत नाही. हार्मोन-ग्राही आणि हर-टू (औषध निवडताना पाहिली जाणारी कर्कपेशींतील प्रथिने) यांचा निकाल गाठीच्या तुकड्यावरूनच लागतो. दुसऱ्या मतासाठी मुंबईला टाटा रुग्णालयात जाताना बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) व स्लाइड आठवणीने बरोबर न्यावेत.