एजीव्ही की एएमआर? वाटेत अडथळा ठेवून पाहा

गोदामात चालकाविना माल वाहणारी कोणतीही गाडी दिसली की आपण तिला सरसकट रोबो म्हणतो. विक्रेत्यांच्या माहितीपत्रकांत मात्र दोन वेगळी नावं असतात. एजीव्ही म्हणजे आखून दिलेल्या मार्गाने जाणारी गाडी, आणि एएमआर म्हणजे स्वतःची वाट स्वतः काढणारा फिरता रोबो. दोन्ही दिसायला अगदी सारखे असू शकतात. चपटं अंग, खाली चाकं, पुढे लेझर स्कॅनर आणि पाठीवर माल. त्यांच्या वाटेत एखादं रिकामं पॅलेट, म्हणजे माल रचायची सपाट चौकट, आडवं ठेवलं की फरक कळतो. एजीव्ही थांबते आणि कुणीतरी ते पॅलेट उचलेपर्यंत तिथेच उभी राहते. एएमआर वेग कमी करतो, बाजूने जाण्याइतकी जागा आहे का ते तपासतो आणि असेल तर वळसा घालून पुढे जातो.

एजीव्ही ही जुनी आणि मुरलेली कल्पना आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने माल ओढणाऱ्या ट्रॅक्टरला तारेच्या मागोमाग चालायला लावलं, तिथून ती सुरू झाली. पुढे जमिनीत पुरलेल्या तारेतून वीजप्रवाह सोडायचा आणि तिच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र गाडीखालच्या सेन्सरने टिपायचं, ही पद्धत रूढ झाली. १९७४ मध्ये स्वीडनमधल्या काल्मारला सुरू झालेल्या व्होल्व्होच्या कारखान्यात मोटारींचे सांगाडे चालकाविना चालणाऱ्या अशाच गाड्यांवरून फिरत. नंतर चुंबकीय पट्ट्या आल्या आणि भिंतींवर, खांबांवर लावायचे परावर्तक आले. परावर्तकांवरून उलटून येणाऱ्या लेझर किरणांच्या आधारे गाडी आपली जागा काढते.

लोकांची खरी फसगत इथे होते. परावर्तकांवर चालणाऱ्या एजीव्हीसाठी जमिनीवर एकही रेघ नसते, म्हणून तिला एएमआर समजलं जातं. पण तिचा मार्ग सॉफ्टवेअरमध्ये पक्का आखलेला असतो आणि ती तो सोडत नाही. एएमआरला सुरुवातीला एकदा गोदामभर फिरवतात. लायडार (लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर) आणि चाकांच्या फेऱ्यांची मोजणी यांवरून तो भिंती, खांब, रॅक यांचा नकाशा तयार करतो. त्यानंतर समोर दिसतंय ते त्या नकाशाशी सतत ताडून पाहत तो आपली जागा ओळखतो. त्याला कुठे पोहोचायचं ते सांगावं लागतं, कसं जायचं ते तो ठरवतो. रॅकची मांडणी बदलली तर जमीन उकरावी लागत नाही, नकाशा दुरुस्त केला की झालं.

या दोन खणांत न मावणारी व्यवस्थाही आहे, आणि ती जगात सर्वांत गाजलेल्यांपैकी एक आहे. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलर मोजून किव्हा सिस्टिम्स ही कंपनी घेतली. तिचे रोबो शेल्फखाली शिरतात, शेल्फ उचलतात आणि माल काढणाऱ्या कामगारापाशी आणून ठेवतात. ते जमिनीवर चिकटवलेले कोड वाचत एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत जातात. मार्ग दर खेपेला वेगळा असू शकतो, पण तो मध्यवर्ती सॉफ्टवेअर ठरवतं, आणि रोबोंचा तो भाग माणसांच्या वावरापासून वेगळा ठेवलेला असतो. माणसांमध्ये फिरू शकणारा, आपला पहिला पूर्ण स्वायत्त रोबो म्हणून ॲमेझॉनने प्रोटियस जाहीर केला तो २०२२ मध्ये.

नवा म्हणून एएमआरच चांगला, हे मला पटत नाही. वळसा घालायला जागा लागते. रॅकमधली गल्ली एकाच गाडीपुरती रुंद असेल, तर एएमआरलाही थांबावंच लागतं किंवा मागे फिरून लांबचा रस्ता धरावा लागतो. जमिनीवरच पॅलेटच्या थप्प्या लावणाऱ्या गोदामात समोरचं दृश्य रोज बदलतं. नकाशाशी जुळणाऱ्या खुणा कमी पडल्या की रोबोचा अंदाज चुकू लागतो. शिवाय वळसे आले की फेरीचा वेळ कमीजास्त होतो. कारखान्यातल्या जुळणीच्या ओळीला ठरावीक मिनिटांनी सुटे भाग पोहोचवायचे असतील, वाट मोकळी असेल आणि ओझं काही टनांचं असेल, तर मी बिनदिक्कत एजीव्ही निवडेन. मागण्या रोज बदलतात, माणसं आणि ढकलगाड्या सतत आडव्या येतात, अशा ठिकाणी मात्र एजीव्ही दिवसभर कुणाच्या तरी मागे ताटकळत राहते. तिथे एएमआरचे पैसे वसूल होतात.

सुरक्षिततेबाबत विक्रेत्याच्या शब्दांत अडकू नये, कारण इथे प्रश्न कामगाराच्या पायांचा आहे. वळसा घालण्याची हुशारी आणि माणूस जवळ आल्यावर हमखास थांबणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थांबण्याचं काम सुरक्षेसाठी प्रमाणित केलेला स्कॅनर आणि ब्रेक करतात, आणि ते दोन्ही प्रकारांत लागतात. चालकाविना चालणाऱ्या औद्योगिक वाहनांसाठीचं आयएसओ ३६९१-४ हे मानकही दोघांना लागू आहे.

आता हे रोबो विकत न घेता महिन्याच्या भाड्याने किंवा कामाच्या मोजणीनुसार पैसे देऊनही वापरता येतात. ही सेवा एएमआरला जास्त सोयीची पडते. हंगामात काही रोबो वाढवायचे आणि गर्दी ओसरली की परत करायचे, हे जमतं. तार किंवा पट्ट्या बसवलेल्या एजीव्हीचं तसं नाही, गाडी परत गेली तरी जमिनीवर केलेला खर्च आपल्याच माथी राहतो. पण भाड्याचा करार करण्याआधी चाचणी आपल्याच गोदामात, ऐन गर्दीच्या वेळी घ्यावी, आणि तासाला किती फेऱ्या पूर्ण झाल्या व किती वेळा माणसाला मदतीला जावं लागलं, हे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. कमाल वेगाच्या आकड्यावरून यातलं काहीच कळत नाही.