व्यायामशाळेतील कपडे बदलण्याची खोली : आडोसा आणि शिष्टाचार

व्यायामशाळेला किंवा जलतरण तलावाला जोडून असलेली, कपडे बदलणे, अंघोळ करणे आणि सामान ठेवणे यांसाठीची सामायिक खोली. बोलण्यात सर्रास ‘चेंजिंग रूम’. अनोळखी माणसे इथे हातभर अंतरावर अर्धवट कपड्यांत उभी असतात. महाराष्ट्रातील बहुतेक खोल्यांत लॉकर भरपूर आणि आत उभे राहून कपडे बदलता येतील असे दाराचे कप्पे मोजके असतात, त्यामुळे आडोसा बराचसा ज्याचा त्यालाच करावा लागतो.

असा आडोसा करण्याची कला मराठी माणसाला नवी नाही. तालमीत पंचा कमरेला गुंडाळूनच लंगोट कसतात : आधी नाड्या कमरेभोवती बांधायच्या, मागे लोंबणारा पट्टा पायांमधून पुढे घेऊन नाडीखालून ओढायचा, पुन्हा मागे नेऊन घट्ट खोचायचा, आणि मगच पंचा सोडायचा. नदीवर अंघोळ करणाऱ्या बायका परकर वर ओढून त्याची नाडी दातांत धरतात आणि ओले लुगडे आतून सोडतात. चंद्रभागेच्या वाळवंटात दोघीजणी लुगड्याची टोके धरून तिसरीसाठी भिंत उभी करतात. हे सारे उघड्यावर चालते आणि कोणाला अवघडल्यासारखे होत नाही, कारण आजूबाजूचे लोक आपणहून नजर वळवतात. शहरी चेंजिंग रूममध्ये भिंती आल्या, पण नजर वळवण्याची ती सवय मात्र सैल झाली.

टॉवेलच्या आत कपडे बदलायचे तर टॉवेल साधारण 70 × 140 सेंमीचा हवा. नॅपकिन पुरत नाही. दोन्ही टोके निदान वीतभर एकमेकांवर यावीत आणि जोड भिंतीकडे राहावा, कारण पाय उचलला की टॉवेल जोडापाशीच उघडतो. आधी मांड्या कोरड्या कराव्यात. ओल्या अंगावर अंतर्वस्त्र गुंडाळत जाते, मांडीवर अडकते, आणि ते ओढण्याच्या नादात टॉवेल सुटतो. बहुतेक फजिती इथेच होते. स्त्रियांना सैल गाऊन किंवा अघळपघळ कुर्ता अधिक सोयीचा. तो आधी डोक्यावरून घालावा, मग आतल्या आत पोहण्याचा पोशाख खांद्यांवरून उतरवून वरून खाली गुंडाळत काढावा. ओले नायलॉन सरळ ओढले तर अंगाला चिकटून बसते.

पायांची काळजी हा याच शिष्टाचाराचा भाग आहे. ओल्या, उबदार फरशीवर बुरशी टिकून राहते आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. म्हणून शॉवरमध्येही रबरी चपला घालाव्यात. व्यायामाचे बूट शॉवरच्या बाजूला नेऊ नयेत. अंग पुसताना पाय सगळ्यात शेवटी पुसावेत. चिखल्या झालेल्याने आधी मोजे आणि मग अंतर्वस्त्र घालावे, नाहीतर पायातून जाताना त्याच कपड्याला बुरशी लागते आणि जांघेत नायटा उठतो. टॉवेल, लंगोट, सपोर्टर, वस्तरा या वस्तू सख्ख्या भावालाही देऊ नयेत. पावडर फरशीवर सांडली की ओल्यावर पाय घसरतो. फवाऱ्याचे डिओ बंद खोलीत मारले तर दम्याच्या माणसाला त्रास होतो.

तलावात उतरण्याआधी साबणाने अंघोळ करण्याचा नियम अनेकांना उगाचचा वाटतो. घाम आणि लघवी यांची क्लोरीनशी क्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात. डोळे चुरचुरतात ते मुख्यतः त्यांनी, आणि तलावाचा म्हणून ओळखला जाणारा उग्र वासही त्यांचाच. आइसलँडच्या सार्वजनिक तलावांवर ही अंघोळ पोशाख काढूनच करावी लागते आणि कोणते अवयव धुवायचे याचे चित्रच भिंतीवर लावलेले असते. जर्मनीतील बहुतेक सौनांत पोशाख चालत नाही, मात्र लाकडी बाकावर अंगाखाली टॉवेल हवाच. तिथे गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या दिवशी संकोच वाटतो. कोणी कोणाकडे पाहत नाही हे कळले की तो ओसरतो.

बाक बसण्यासाठी असतो, बॅगेसाठी नव्हे. शेजारचा लॉकर वापरात असेल तर एक सोडून पुढचा घ्यावा. आपले कुलूप जाताना काढून न्यावे आणि घामाचे कपडे रात्रभर आत ठेवू नयेत. ट्रेनरने फी किंवा आहाराची चर्चा बाहेर करावी. आपल्याकडे ‘पोट सुटलंय की’, ‘किती वाळलास’ हे आपुलकीने म्हटले जाते. कपडे उतरवलेल्या माणसाला मात्र ते बोचते. शस्त्रक्रियेची खूण, इन्सुलिनचा पंप, कोड यांविषयी विचारू नये.

मोबाइलचा नियम एकच : खोलीत तो बॅगेतच राहावा, फोन आला तर बाहेर जाऊन घ्यावा. आरशातल्या सेल्फीत मागचा माणूस येतोच. सीसीटीव्ही दाराबाहेर, दाराकडे पाठ करून असावा. आत तो असताच कामा नये. छुपा कॅमेरा शोधताना दिवे मालवून टॉर्च हुक, धूरसूचक, एक्झॉस्ट पंखा, चार्जर आणि छताच्या फटींवर फिरवावा. भिंग असेल तर ठिपका चमकतो. आरशापलीकडून कोणी पाहू शकते का हे बोटाचे टोक आरशाला टेकवून ओळखण्याची लोकप्रिय चाचणी भरवशाची नाही. आरशाला दोन्ही हातांची ओंजळ लावून अंधार करावा आणि आत पाहावे. पलीकडे उजेड असेल तर दिसतो. कॅमेरा सापडल्यास त्याला हात न लावता खोली रिकामी करावी, 112 वर फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत कोणालाही आत सोडू नये.

स्त्रीला कपडे बदलताना किंवा अंघोळ करताना चोरून पाहणे, तिचे चित्रण करणे किंवा ते पसरवणे हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे (त्याआधी 2013 पासून भारतीय दंड संहितेचे कलम 354-सी होते). पहिल्या वेळी 1 ते 3 वर्षे, पुन्हा केल्यास 3 ते 7 वर्षे कैद आणि दंड. चित्रणाला संमती दिली म्हणून ते पसरवण्यालाही दिली, असे कायदा मानत नाही. पुरुषाचे असे चित्रण झाले तर हे कलम लागत नाही, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ई कोणाच्याही खाजगी अवयवांच्या विनासंमती चित्रणाला लागते, अंगावर अंतर्वस्त्र असले तरीही : 3 वर्षांपर्यंत कैद, 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 18 वर्षांखालील मुलांसाठी लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदाही आहे.

आईबरोबर आलेला मोठा मुलगा, बाबांबरोबर आलेली मुलगी, तृतीयपंथी व्यक्ती, मदतनीस लागणारा अपंग सदस्य यांची अडचण दोन मोठ्या खोल्यांनी सुटत नाही. आतून कडी लागणारा, चाकांची खुर्ची वळेल एवढा, कोणालाही वापरता येणारा एक तरी स्वतंत्र कप्पा लागतो. त्यात बसायला फळी, कोरडे कपडे टांगायला शॉवरपासून लांब दोन हुक आणि खालपर्यंत पोहोचणारे दार हवे. पडदा पंख्याच्या वाऱ्याने उडतो, म्हणून तो दाराची जागा घेऊ शकत नाही.