चाई: केस परततात, धास्ती जात नाही

डोक्यावर रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा दिसला, की ‘टेन्शन घेतोस म्हणून केस गेले’ असे निदान घरातल्या घरात होते. चाई, म्हणजेच अलोपेशिया एरियाटा, ताणामुळेच सुरू होते याचा पुरावा संमिश्र आहे. चाईमुळे चिंता आणि नैराश्य वाढते, हे मात्र अनेक अभ्यासांत आढळले आहे. वर या निदानामुळे दोषही रुग्णाच्याच माथी येतो.

प्रत्यक्षात घडते ते असे. शरीरातील पेशी एमएचसी वर्ग-१ या प्रथिनांद्वारे प्रतिकारयंत्रणेला आपली ओळख पटवत असतात. वाढत्या केसाच्या कंदातील पेशींवर ही प्रथिने फारच कमी असल्याने या यंत्रणेतल्या टी-पेशींचे तिकडे लक्ष जात नाही. चाईत हे संरक्षण ढासळते. सीडी-८ या मारक प्रकारच्या टी-पेशी इंटरफेरॉन-गॅमा हा संदेशरेणू सोडतात, त्यामुळे कंदातील पेशी इंटरल्यूकिन-१५ हा दुसरा संदेशरेणू बनवतात, त्याने टी-पेशी आणखी चेततात, आणि हे दोन्ही संदेश पेशीच्या आत पोहोचवतात ती जॅक नावाची विकरे. केस टाळूलगत तुटतो आणि चट्ट्याच्या कडेला उद्गारचिन्हासारखे, खाली निमुळते होत गेलेले खुंट उरतात.

कंदाच्या वर असलेल्या, नवा केस घडवणाऱ्या मूळपेशी मात्र या हल्ल्यातून सहसा वाचतात. म्हणूनच केस वर्षांनंतरही परत येऊ शकतात आणि आलेले पुन्हा जाऊ शकतात. मनाची खरी ओढाताण इथेच होते, कारण गेले ते गेले म्हणून मोकळेही होता येत नाही. रोज उशीवरचे केस तपासले जातात, लग्नकार्याला जाणे टाळले जाते. भुवया आणि पापण्याही गेल्या, तर आरशातला चेहरा परका वाटतो आणि भेटणारे कॅन्सरची चौकशी करतात.

केस आपोआप येण्याच्या याच गुणामुळे ‘किडा लागला’ म्हणून लसूण चोळायला सांगणाऱ्यांचे फावते. किडा नसतोच, लहान चट्टे अनेकदा वर्षभरात उपचारांविना भरून येतात आणि श्रेय शेवटच्या तेलाला मिळते. कच्च्या लसणाने टाळू भाजते ते वेगळेच.

जॅक रोखणाऱ्या बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत जून २०२२ मध्ये तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. चाचण्यांत अधिक मात्रा घेणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून थोड्या जास्त रुग्णांच्या टाळूचा ८० टक्के किंवा अधिक भाग ३६ आठवड्यांत केसांनी झाकला गेला. औषध थांबवल्यावर मात्र अनेकांचे केस पुन्हा जातात. तेव्हा चट्टा मोजणाऱ्या डॉक्टरांनी झोप लागते का, घराबाहेर पडणे होते का, हेही विचारावे, आणि केस आल्यानंतरच्या तपासणीतही हे प्रश्न गाळू नयेत.