ओकची फळं: तट्टांना विष, डुकरांना खुराक

'विषारी काय ते जनावराला उपजत कळतं' असं सर्रास म्हटलं जातं. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्टमध्ये हा समज टिकत नाही. तिथे मोकळी चरणारी तट्टं शरदात ओक वृक्षांची गळलेली फळं चवीने खातात. काहींना तर त्यांची चटकच लागते, आणि त्यातली काही दगावतात.

विष म्हणजे टॅनिन. हिरडा चघळल्यावर तोंड कोरडं पडून जीभ आवळल्यासारखी होते, ती याच्यामुळेच. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि त्यांचा साका होतो. कातडं कमावायला हिरडा लागतो तोही याच गुणामुळे. पोटात मात्र गोष्ट पुढे जाते. आतड्यातले जीवाणू हे मोठे रेणू फोडतात आणि त्यातून गॅलिक आम्ल व पायरोगॅलॉल सुटतात. हे रेणू लहान असल्याने थेट रक्तात शिरतात. आतड्याच्या अस्तराला व्रण पडतात, मूत्रपिंडातल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी मरतात. जनावर चारा सोडतं, आधी शेण कोंडतं, मग रक्ताचे जुलाब लागतात. यावर नेमका उतारा नाही. सलाईन देऊन शरीर सावरायची वाट पाहावी लागते. हिरव्या फळांत टॅनिन जास्त, म्हणून वादळाने कच्ची फळं झडली की धोका वाढतो. 'झाडाचं आहे, नैसर्गिक आहे' म्हणून काहीही निर्धोक ठरत नाही.

डुक्कर हीच फळं खाऊन लठ्ठ होतं. ते दातांनी टरफल फोडून बरंचसं थुंकून टाकतं, आणि गराबरोबर येणाऱ्या टॅनिनला त्याच्या लाळेतली प्रथिनं तोंडातच बांधून टाकतात. म्हणून तट्टांच्या तोंडी लागण्याआधी फळं फस्त व्हावीत यासाठी शरदात किमान 60 दिवस डुकरं रानात सोडतात. ही वहिवाट इतकी जुनी आहे, की 1086च्या डूम्सडे या इंग्लंडमधल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदवहीत अनेक ठिकाणी रान किती मोठं ते किती डुकरं पोसतं यावर मोजलंय.

सोडण्याआधी शुल्क भरून कानात बिल्ला मारतात आणि नाकाडाला कडी घालतात. कडी नसेल तर डुक्कर मुळांसाठी गवताळ जमीन नांगरल्यासारखी उकरतं, आणि तट्टांचं कुरणच जातं. कडी असली की उकरताना नाक दुखतं, वरवरची फळं मात्र बिनबोभाट उचलता येतात. फळं उदंड आली तर मुदत वाढवतात. एकोणिसाव्या शतकात तिथे हजारो डुकरं सोडत. आता काही शेकडाच उरलीत. रानाबाहेर, जिथे डुकरंच नाहीत, तिथल्या घोडेवाल्यांना ओकभोवती तात्पुरतं कुंपण घालावं लागतं, नाहीतर रोज फळं झाडून उचलावी लागतात.