केबल तुटल्यावर नाही, जोडल्यावर टीव्ही थांबतो

पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली आणि फायबर तुटली, तर रत्नागिरीचा डेटा चिपळूणकडून वळवता येतो. यूपीआय किंवा वेबसाइट वापरणाऱ्याला हा वळसा बहुधा जाणवत नाही, कारण हरवलेलं पॅकेट, म्हणजे डेटाचं छोटं पुडकं, पुन्हा मागवलं जातं. आयपीटीव्हीच्या, म्हणजे अशाच पॅकेटांतून घरी येणाऱ्या टीव्हीच्या, थेट प्रक्षेपणाला एरवी ती सोय नसते.

एचडी वाहिनीला सुमारे 8 एमबीपीएस लागतात. सामना 10,000 घरांत चालू असेल आणि प्रत्येक घराला वेगळा प्रवाह दिला, तर 80 जीबीपीएस होतात. मल्टिकास्टमध्ये कोणत्याही एका केबलवरून त्या वाहिनीची एकच प्रत जाते आणि जिथे फाटा फुटतो तिथे राउटर दुसरी काढतो. पॅकेटमध्ये साधारणपणे 188 बाइटचे 7 तुकडे असतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 760 पॅकेट. 50 मिलिसेकंदांच्या खंडात त्यातली 38 हरवतात आणि पडद्यावर चौकोन उमटतात.

हा मार्ग प्रेक्षकाकडून उगमाकडे, उलटा बांधला जातो. सेट-टॉप बॉक्स आयजीएमपीने, म्हणजे वाहिनी मागण्याच्या ठरलेल्या भाषेत, वाहिनी मागतो. पिम ही राउटरांची आपसातली मल्टिकास्टची भाषा; तिच्यातली जॉइन विनंती ते टप्प्याटप्प्याने वर पाठवतात. प्रत्येक राउटर एक नियम कडकपणे पाळतो: उगमाकडे जाणारा माझा रस्ता ज्या पोर्टवरून आहे, त्याच पोर्टवरून आलेलं पॅकेट घ्यायचं, बाकीची टाकून द्यायची. ही आरपीएफ तपासणी. ती नसती तर एखाद्या रिंगमध्ये प्रती फिरत राहून सगळं जाळं गुदमरलं असतं. पण गोंधळही बहुतेकदा इथेच होतो.

केबल तुटली की प्रकाश जातो आणि ते लगेच कळतं. मध्ये ट्रान्समिशनचं उपकरण असेल तर राउटरला प्रकाश दिसतच राहतो. ‘मी आहे’ असं सांगणारा पिमचा हॅलो संदेश दर 30 सेकंदांनी जातो आणि शेजारचा राउटर गेला हे ठरायला 105 सेकंद लागतात. त्यावर विसंबू नये. 50 मिलिसेकंदांच्या अंतराने तीन वेळा तपासणारा बीएफडी हा दुवा-तपासनीस लावला की 150 मिलिसेकंदांत कळतं.

खरी खोड दुरुस्तीनंतर निघते. केबल जोडताच ओएसपीएफ, म्हणजे राउटरांसाठी सर्वांत कमी खर्चाचा रस्ता निवडणारी यंत्रणा, जागा होतो, जुना रस्ता स्वस्त म्हणून निवडतो आणि आरपीएफ तिकडे वळतो. पिमचा पहिला हॅलो मात्र 5 सेकंदांपर्यंत उशिरा निघू शकतो. शेजारी अजून ओळखीचा नाही, म्हणून जॉइन जात नाही. वळशाच्या रस्त्याने पॅकेट येत असतात, पण आता ती चुकीच्या पोर्टवरची ठरून टाकली जातात. घाईत बदललेल्या पोर्टवर पिम चालू करायचं राहिलं असेल, तर चित्र येतच नाही. पिंग, म्हणजे पलीकडचं उपकरण उत्तर देतं का ही साधी चाचणी, मात्र व्यवस्थित चालतं, आणि त्यामुळेच शोध भलतीकडे जातो.

म्हणून केबल जोडण्याआधी दोन्ही टोकांना त्या पोर्टचा ओएसपीएफ खर्च 65535, म्हणजे सर्वांत महाग, करावा. जोडल्यावर पिम शेजारी दोन्हीकडे दिसतो का आणि पोर्टवर चुका वाढतात का, हे पाहावं. मगच खर्च पूर्ववत करावा आणि आरपीएफने टाकलेल्या पॅकेटांचा आकडा वाढत नाही ना, यावर नजर ठेवावी.

याहून भक्कम उपाय म्हणजे मोएफआरआर, अर्थात मल्टिकास्टसाठीचा झटपट वळसा. 2015 मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी 7431 म्हणून प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत राउटर दोन्ही वाटांनी जॉइन पाठवतो, एक प्रवाह वापरतो आणि दुसरा हाताशी ठेवतो. 200 एचडी वाहिन्यांचे 1.6 जीबीपीएस दुसऱ्या वाटेवरही खर्च होतात. 10 गिगच्या रिंगवर ते परवडावं. मात्र कोकण म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. नकाशावर वेगळ्या दिसणाऱ्या दोन केबल एकाच पुलावरून किंवा मोरीतून जात असतील, तर हा सगळा खटाटोप वाया. एक वाट घाटातून आणि दुसरी किनारपट्टीने असेल तरच त्याला अर्थ आहे.

रान्देव्हू पॉइंट, म्हणजे उगम ठाऊक नसताना प्रेक्षक आणि प्रवाह यांची गाठ घालून देणारा राउटर, हा एरवीचा नाजूक भाग टाळणंच बरं. 232 ने सुरू होणारे मल्टिकास्ट पत्ते आणि आयजीएमपी आवृत्ती 3 वापरली की बॉक्स उगमाचा पत्ताही सांगतो आणि त्याची गरज उरत नाही. जुने बॉक्स आवृत्ती 2 च बोलत असतील, तर उगमाचा पत्ता राउटरवर जोडून देता येतो.

एक तक्रार मात्र घाटाशी संबंधित नसते: चित्र नीट लागतं, चारेक मिनिटांनी जातं, वाहिनी बदलून परत आणली की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. याचा अर्थ गावातला स्विच आयजीएमपी स्नूपिंग करतोय, म्हणजे कोणतं घर कोणती वाहिनी मागतं ते ऐकून ठेवतोय, पण ‘वाहिनी अजून हवी का’ ही क्वेरी पाठवणारं कुणी नाही. क्वेरीचं नेहमीचं अंतर 125 सेकंद. त्याची दुप्पट अधिक उत्तराचे 10 असे 260 सेकंद झाले की स्विच त्या घराचं नाव काढून टाकतो. अशा वेळी फायबरवाल्यांना बोलावण्याआधी त्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे जाळ्याच्या त्या स्वतंत्र कप्प्यात, क्वेरी पाठवणारा क्वेरियर कोण आहे ते पाहावं.